लिहिणारा एकच: रेप्लिकेशन आणि फेलओव्हरची पहिली उभारणी

गोव्यात सर्व्हर बंद पडायला फार मोठं संकट लागत नाही. जूनमध्ये पहिला जोराचा वारा सुटतो, माडाची झावळी तारेवर येते, लाइट जाते, आणि यूपीएसची बॅटरी गेले दोन पावसाळे कोणी तपासलेली नसते. नाहीतर रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीच्या दातांत फायबर येते. मग ऑफिसात ‘हे परत होता कामा नये’ असं ठरतं आणि ती जबाबदारी बहुधा सगळ्यांत नव्या माणसाच्या गळ्यात पडते. हा लेख त्या नव्या माणसासाठी आहे. लिनक्स थोडंफार येतं, डेटाबेस वापरलाय, पण दोन सर्व्हर एकमेकांच्या मदतीला उभे करण्याची वेळ पहिल्यांदाच आली आहे, असं मी धरून चालतो.

शेवटपर्यंत उदाहरण एकच घेऊ. समजा, फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानाच्या अग्रशाळेचं (भक्तांच्या निवासाचं) ऑनलाइन बुकिंग तुमच्याकडे आहे. खोल्या, अभिषेकाच्या पावत्या, देणग्या, सगळं त्यातच. एका मशीनवर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, त्यामागे अ‍ॅप्लिकेशन आणि तिथेच पोस्टग्रेस हा डेटाबेस. वर्षभर तुरळक वर्दळ असते. माघात मंगेशी, कवळे अशा जत्रा जवळ आल्या की मुंबई-पुण्याचे, कारवार-बेळगावचे कुळावी (त्या दैवताला मानणारी कुटुंबं) एकदम तुटून पडतात. नेमकं तेव्हाच काहीतरी बंद पडतं.

डेटाची प्रत दुसऱ्या मशीनवर नेत राहणं, म्हणजे रेप्लिकेशन, हे यातलं सोपं काम आहे, ते अर्ध्या दिवसात जमतं. अवघड भाग पुढचा: या क्षणी लिहिण्याचा अधिकार कोणाकडे आहे, आणि ज्याच्याकडून तो काढून घेतला त्याला ते समजलंय का? बहुतेक मोठे घोळ इथेच झाले आहेत, म्हणून मी जास्त जागा त्यालाच दिली आहे.

१. आधी दोन आकडे ठरवा

देवस्थान समितीला दोन प्रश्न विचारा. साइट सलग किती वेळ बंद राहिली तर चालेल? आणि शेवटच्या किती मिनिटांच्या नोंदी गेल्या तर चालेल? दोन्हींना ‘अजिबात नाही’ हेच उत्तर येणार. मग खर्चाचा कागद पुढे ठेवायचा आणि पुन्हा विचारायचं.

९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे वर्षाला सुमारे पावणेनऊ तास बंद. ९९.९९ टक्के म्हणजे वर्षभरात जेमतेम ५३ मिनिटं. पहिल्या आकड्यात माणसानं हातानं केलेला फेलओव्हर (बंद पडलेल्या मशीनचं काम दुसऱ्याकडे सोपवणं) आरामात बसतो. दुसऱ्यात नाही बसत, कारण रात्री अडीचला फोन वाजल्यापासून माणूस उठून, लॅपटॉप उघडून, नेमकं काय झालंय ते समजून घेईपर्यंतच वीस-पंचवीस मिनिटं जातात. माझं मत विचाराल तर अग्रशाळेच्या बुकिंगला पहिला आकडा पुरेसा आहे. समितीनं दुसरा मागितला तर तिसरं मशीन आणि तुमचे जास्तीचे तास, दोन्हींची किंमत त्यांना दिसू द्या.

शिवाय काही गोष्टींवर रेप्लिकेशन हे औषधच नाही. भरलेली डिस्क, मुदत संपलेलं प्रमाणपत्र, घाईत चढवलेला चुकीचा कोड: यांतलं काहीही दोन सर्व्हर असताना दोन्हीकडे होतं. डिस्क ८० टक्के भरली की सूचना आणि प्रमाणपत्राचं आपोआप नूतनीकरण, एवढं आधी करून टाका. एका दुपारचं काम आहे.

आणि जागा. दोन्ही मशीन एकाच कपाटात, एकाच यूपीएसवर ठेवली तर तुमच्याकडे एकच मशीन आहे, फक्त बिल दुप्पट. इंटरनेटचंही तेच. दोन कंपन्यांची जोडणी घेतली म्हणून निर्धास्त होऊ नका. आपल्याकडे दोन्ही केबली बऱ्याचदा एकाच वीजखांबावरून लोंबत आलेल्या असतात. बाहेर जाऊन, मान वर करून बघा. एक मशीन पणजीत पाटोवर आणि दुसरं मडगावात, किंवा दोन्ही क्लाउडवर पण वेगवेगळ्या झोनमध्ये (स्वतंत्र डेटा सेंटरांत), असं काहीतरी हवं.

२. वेब सर्व्हरकडे काही साठवून ठेवू नका

वेब सर्व्हर दोन करणं सोपं असतं, पण त्याआधी त्यानं स्वतःजवळ काहीच ठेवता कामा नये. लॉगिनचं सेशन मशीनच्या मेमरीत असेल तर दुसऱ्या सर्व्हरवर गेलेला माणूस अचानक लॉगआउट होतो. सेशन डेटाबेसमध्ये किंवा रेडिस या सामाईक मेमरी-साठ्यात न्या. यात्रेकरूंनी चढवलेले ओळखपत्राचे फोटो स्थानिक फोल्डरमध्ये जात असतील तर ते ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (दोन्ही मशीनना दिसणाऱ्या फाइलींच्या वेगळ्या साठ्यात) न्या, नाहीतर निम्मे फोटो एका मशीनवर आणि निम्मे दुसऱ्यावर अशी अवस्था होते.

हमखास विसरली जाणारी गोष्ट म्हणजे क्रॉन, ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं. ‘उद्या तुमचं बुकिंग आहे’ असा एसएमएस रोज सकाळी पाठवणारं काम दोन्ही मशीनवर चालू राहिलं की प्रत्येकाला दोन-दोन संदेश. अशा कामांनी सुरुवातीला डेटाबेसमध्ये कुलूप घ्यावं. पोस्टग्रेसचं अ‍ॅडव्हायझरी लॉक यासाठी छान चालतं. ज्याला कुलूप मिळालं त्यानं काम करायचं, दुसऱ्यानं गप्प परतायचं.

३. पुढे हॅप्रॉक्सी

आता दोन वेब सर्व्हरांच्या पुढे वाटणी करणारा हवा. क्लाउडवर असाल तर त्यांचाच लोड बॅलन्सर घ्या आणि ही पायरी अर्धी सोडून द्या. स्वतःची मशीन असतील तर हॅप्रॉक्सी. कोणता सर्व्हर जिवंत आहे हे तो ठरावीक अंतरानं तपासतो: मूळ सेटिंगप्रमाणे दर २ सेकंदांनी, सलग ३ तपासण्या फसल्या की सर्व्हर बाहेर, सलग २ जमल्या की परत आत. म्हणजे मेलेला सर्व्हर साधारण सहा सेकंदांत बाजूला होतो. हे आकडे बरे आहेत, उगाच घट्ट करू नका. दर अर्ध्या सेकंदाला तपासून पहिल्याच चुकीला बाहेर काढलं तर निरोगी सर्व्हरही आत-बाहेर करत बसतात.

तपासायचं काय, याचा मात्र नीट विचार करा. फक्त पोर्ट उघडं आहे का एवढंच पाहिलं तर अडकून पडलेलं अ‍ॅप्लिकेशनही जिवंत दिसतं. म्हणून आरोग्यतपासणीचं एक वेगळं पान लिहितात. उत्साहात त्या पानातून डेटाबेसलाही क्वेरी मारली जाते, आणि तिथे फसगत होते. जत्रेच्या सकाळी डेटाबेस जरा मंदावला की दोन्ही वेब सर्व्हरांची तपासणी एकदमच फसते, हॅप्रॉक्सी दोघांनाही बाहेर काढतो आणि नुसती मंद झालेली साइट पूर्ण बंद होते. त्या पानानं स्वतःच्या प्रक्रियेपुरतं उत्तर द्यावं. डेटाबेसची तब्येत वेगळ्या देखरेखीतून पाहा.

हॅप्रॉक्सीही एकटा नको. दोन मशीनवर तो ठेवून त्यांच्यात एक सामाईक आयपी पत्ता फिरवायचं काम कीपअलाइव्हडी करतो. त्यामागचा प्रोटोकॉल व्हीआरआरपी. मुख्य मशीन दर सेकंदाला ‘मी आहे’ असं सांगतं. तीनेक हाका आल्या नाहीत की राखीव मशीन तो पत्ता स्वतःकडे घेतं. दोन खाचखळगे. व्हीआरआरपी हा टीसीपीही नाही आणि यूडीपीही नाही, तो आयपीचा ११२ क्रमांकाचा स्वतंत्र प्रोटोकॉल आहे; फायरवॉलमध्ये त्याला वेगळी परवानगी द्यावी लागते. ती नसेल तर दोन्ही मशीन एकमेकांना मेलेलं समजतात आणि एकच पत्ता दोघंही धरून बसतात. दुसरं, त्याच्या हाका २२४.०.०.१८ या मल्टिकास्ट पत्त्यावर जातात आणि बऱ्याच क्लाउडांत मल्टिकास्ट चालतच नाही. तिथे युनिकास्ट लावा, म्हणजे हाका थेट समोरच्या मशीनच्या पत्त्यावर जातात.

डीएनएस बदलून फेलओव्हर करण्याचा मोह होईल. टीटीएल (पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत) ६० सेकंद ठेवला तरी मधले काही रिझॉल्व्हर आणि काही अ‍ॅप्लिकेशनं जुना पत्ता जास्त वेळ धरून ठेवतात. शेवटचा उपाय म्हणून ठीक, रोजचा म्हणून नको.

४. डेटाबेसची प्रत

पोस्टग्रेस आधी वॉल नावाच्या नोंदवहीत बदल लिहितो आणि मग सवडीनं मूळ पानांवर उतरवतो. देवस्थानाच्या ऑफिसात किर्द आधी आणि खतावणी नंतर, तसंच. ही किर्द सतत दुसऱ्या मशीनकडे पाठवत राहायचं आणि त्यानं ती आपल्याकडे उतरवत राहायचं, म्हणजे स्ट्रीमिंग रेप्लिकेशन. २०१० साली आलेल्या ९.० आवृत्तीपासून ते पोस्टग्रेसमध्ये आहे. लिहिणाऱ्याला प्रायमरी म्हणू, उतरवणाऱ्याला स्टँडबाय.

सेटिंगांची नावं उच्चाराप्रमाणे देतो. फाइलमध्ये ती अधोरेषेनं जोडलेली सापडतील. १० आणि त्यापुढच्या आवृत्तीत वॉल लेव्हल आणि मॅक्स वॉल सेंडर्स ही दोन सेटिंगं मुळातच योग्य असतात, हात लावायची गरज नाही. प्रायमरीवर रेप्लिकेशनचा अधिकार असलेला वेगळा वापरकर्ता बनवा. पीजी एचबीए फाइलमध्ये स्टँडबायच्या आयपीसाठी ‘रेप्लिकेशन’ या नावानं ओळ घाला. डेटाबेसच्या जागी ‘ऑल’ लिहिलं तर त्यात रेप्लिकेशन येत नाही, आणि नवशिके तासभर इथेच अडकतात. पासवर्डची पद्धत स्क्रॅम ठेवा. मग स्टँडबायच्या रिकाम्या डेटा फोल्डरमध्ये पीजी बेसबॅकअप चालवा, त्याला मोठ्या आर अक्षराचा पर्याय द्या. त्यानं प्रायमरीचा पत्ता आपोआप लिहिला जातो आणि ‘स्टँडबाय सिग्नल’ नावाची रिकामी फाइल तयार होते. ती फाइल असेपर्यंत ते मशीन स्टँडबाय म्हणूनच उठतं. रिकव्हरी डॉट कॉन्फ बनवा असं सांगणारे लेख १२ व्या आवृत्तीच्या आधीचे आहेत, ते बाजूला ठेवा.

सुरू केल्यावर प्रायमरीवर पीजी स्टॅट रेप्लिकेशन हा व्ह्यू बघा. ओळ दिसली आणि अवस्था ‘स्ट्रीमिंग’ असली की जमलं. मग एक चाचणीची नोंद घाला आणि स्टँडबायवर ती दिसते का पाहा.

स्टँडबाय किती मागे आहे हे मोजताना एक फसवा आकडा भेटतो. शेवटचा व्यवहार कधी उतरवला याची वेळ आत्ताच्या वेळेतून वजा करायची, अशी सोपी क्वेरी सगळीकडे दिलेली असते. रात्री दोन ते पाच एकही बुकिंग आलं नाही तर ती क्वेरी पाचला ‘तीन तास मागे’ असं सांगते. मागे काहीच नसतं, नवं काही आलेलंच नसतं. म्हणून प्रायमरीनं पाठवलेली जागा आणि स्टँडबायनं उतरवलेली जागा यांतला फरक बाइट्समध्ये मोजा, किंवा दर मिनिटाला एक छोटी नोंद मुद्दाम लिहीत राहा.

दुसरा सापळा स्लॉटचा. रेप्लिकेशन स्लॉट लावला की स्टँडबायनं न घेतलेली किर्द प्रायमरी फेकून देत नाही. सोय उत्तम आहे, पण मडगावचं मशीन शनिवारी बंद पडलं आणि सोमवारपर्यंत कोणी पाहिलं नाही तर पणजीच्या प्रायमरीची डिस्क भरत जाते आणि शेवटी तोही झोपतो. म्हणजे राखीव मशीनच्या आजारानं मुख्य मशीन गेलं. १३ व्या आवृत्तीपासून मॅक्स स्लॉट वॉल कीप साइझ हे सेटिंग आहे. मुळात त्याला मर्यादा नसते. डिस्कच्या मानानं एक आकडा घाला. मर्यादा ओलांडली तर स्टँडबाय पुन्हा पहिल्यापासून बनवावा लागेल, ते परवडतं.

स्टँडबायवर वाचण्याच्या क्वेरी चालतात, म्हणून भार हलका करायला त्या तिकडे वळवायची इच्छा होते. अहवालांसाठी खुशाल वळवा. पण कुळाव्यानं खोली घेतली आणि पुढचंच ‘माझी बुकिंगं’ हे पान स्टँडबायवरून आलं तर क्षणभर मागे असलेल्या प्रतीत त्याची खोली दिसत नाही. तो घाबरून पुन्हा बुक करतो. आत्ताच लिहिलेलं वाचायचं असेल तर प्रायमरीकडूनच वाचा.

मायएसक्यूएल वापरत असाल तर किर्दीच्या जागी बिनलॉग येतो आणि ५.६ पासून जीटीआयडी (प्रत्येक व्यवहाराचा सगळ्या सर्व्हरांत एकमेव ओळख क्रमांक) आहे. तो लावल्याशिवाय फेलओव्हरच्या वाटेला जाऊ नका. बाकी विचार तोच.

५. थांबायचं की नाही

मुळात हे रेप्लिकेशन असिंक्रोनस असतं. प्रायमरी स्वतःच्या डिस्कवर लिहितो, ग्राहकाला ‘झालं’ म्हणतो आणि प्रत मागाहून जाते. प्रायमरी त्या मधल्या क्षणी मेला तर शेवटच्या काही नोंदी गेल्या. सिंक्रोनस केलं तर स्टँडबायची पोच आल्याशिवाय ‘झालं’ म्हटलं जात नाही.

मग सगळंच सिंक्रोनस का करू नये? स्टँडबाय एकच असेल आणि तो बंद पडला, तर प्रायमरीवरचा प्रत्येक कमिट (नोंद पक्की करणं) त्याची वाट बघत लटकतो. दोन मशीन घेऊन तुम्ही बंद पडण्याच्या शक्यता दुप्पट केल्या. सिंक्रोनस हवं असेल तर किमान दोन स्टँडबाय ठेवा आणि सिंक्रोनस स्टँडबाय नेम्समध्ये ‘दोघांपैकी कोणीही एक’ असं लिहा. १० व्या आवृत्तीपासून त्यासाठी ‘एनी’ आहे.

अंतरही मोजा. प्रकाश फायबरमधून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. अ‍ॅमेझॉनचे भारतातले दोन रीजन मुंबईत (२०१६) आणि हैदराबादेत (२०२२) आहेत. या शहरांमध्ये सरळ रेषेत ६०० किलोमीटरहून थोडं जास्त अंतर. जाऊन-येऊन किमान ६ मिलिसेकंद, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही. एका बुकिंगला हे जाणवणारही नाही. पण जुन्या १०,००० पावत्या एकेक कमिट करून भरायला घेतल्या तर नुसत्या वाट पाहण्यात मिनिटभर जातं. जवळच्या झोनमध्ये सिंक्रोनस, दूरच्या शहरात असिंक्रोनस, ही वाटणी बहुतेकांना पुरते.

आणि यातलं काहीही बॅकअप नाही. प्रायमरीवर चुकून टेबल पुसलं की स्टँडबाय तेही इमानेइतबारे पुसतो. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये रेप्लिकेशन दुरुस्त करताना एका अभियंत्यानं दुय्यम मशीन समजून प्रायमरीचंच डेटा फोल्डर पुसलं. नेहमीचे बॅकअप पोस्टग्रेसच्या आवृत्त्या न जुळल्यानं कधीपासून फसत होते आणि त्याची सूचना कोणापर्यंत पोचत नव्हती. शेवटी सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत हाती लागली, तीही दुसऱ्याच कामासाठी काढलेली. त्यांनी हे सगळं जाहीरपणे लिहिलं, म्हणून आपल्याला शिकता येतं. रोजचा बेस बॅकअप, किर्दीचं वेगळ्या जागी अर्काइव्ह, आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप खरोखर उभा करून पाहणं: हे रेप्लिकेशनच्या आधी हवं, नंतर नाही. टर्मिनलच्या प्रॉम्प्टमध्ये ‘प्रायमरी’ हा शब्द लाल रंगात येईल अशी सोयही करून ठेवा.

६. पहिला फेलओव्हर हातानं

स्वयंचलित साधनं लावायच्या आधी हे हातानं करता आलं पाहिजे. क्रम कागदावर छापून ठेवा. लाइट गेल्यावर विकी उघडत नाही.

आधी खात्री करा की प्रायमरी खरंच गेला आहे. तुमच्या ऑफिसातून दिसत नाही म्हणजे तो गेला असं नाही, कदाचित तुमचं इंटरनेट गेलं असेल. मोबाइल डेटावरून बघा, दुसऱ्या गावातल्या सहकाऱ्याला बघायला सांगा.

मग जुन्या प्रायमरीला लिहिता येणार नाही अशी पक्की व्यवस्था करा. याला फेन्सिंग म्हणतात. क्लाउडच्या कन्सोलवरून बंद करा, मशीन हाताशी असेल तर वायर काढा, नाहीतर फायरवॉलमध्ये त्याचं पोर्ट बंद करा. ही पायरी वगळली तर काय होतं ते अग्रशाळेतच बघू. पणजी-मडगाव जोडणी तुटली. पणजीचा प्रायमरी मुळात ठणठणीत आहे आणि पणजीकडून येणाऱ्यांची बुकिंगं घेतोय. तुम्ही मडगावचं मशीन प्रमोट केलं, म्हणजे प्रायमरी बनवलं, तेही घेऊ लागलं. खोली क्रमांक ७ जत्रेच्या रात्रीसाठी एका कुटुंबाला इथून गेली, दुसऱ्याला तिथून. दोघांकडे पैसे भरल्याची पावती आहे आणि दोन्ही पावत्या खऱ्या आहेत. खोलीवर एकच बुकिंग असं बंधन डेटाबेसमध्ये घातलेलं असूनही हे होतं, कारण प्रत्येक डेटाबेस आपापल्यापुरतं ते पाळतोच आहे. याला स्प्लिट ब्रेन म्हणतात, आणि नंतर तो निस्तरणारं कोणतंही साधन नाही. यादी घेऊन बसावं लागतं आणि एकेका घरी फोन करावा लागतो.

मोठ्यांचीही यातून सुटका नाही. २१ ऑक्टोबर २०१८ ला गिटहबच्या अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्यावरच्या जोडणीत फक्त ४३ सेकंदांचा खंड पडला. तेवढ्यात त्यांच्या स्वयंचलित यंत्रणेनं पश्चिम किनाऱ्यावरचे डेटाबेस प्रायमरी केले. पूर्वेकडे काही सेकंदांच्या नोंदी अशा राहिल्या होत्या की ज्या पश्चिमेकडे पोचल्याच नव्हत्या, आणि आता पश्चिमेकडे नव्या नोंदी होऊ लागल्या होत्या. दोन्ही जुळवून सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली.

फेन्सिंग झालं की स्टँडबायनं शेवटचं काय घेतलं ते टिपून ठेवा, आणि मग पीजी प्रमोट. काही सेकंदांत तो लिहू लागतो. आता अ‍ॅप्लिकेशनला नवा पत्ता द्यायचा. पोस्टग्रेसच्या जोडणीच्या ओळीत दोन्ही मशीनची नावं देऊन ‘टार्गेट सेशन अ‍ॅट्रिब्यूट्स’ला ‘रीड-राइट’ लिहून ठेवलं असेल, तर क्लायंट स्वतःच लिहिणारा शोधतो. हे आधीच करून ठेवण्यासारखं आहे.

तरी काही जोडण्या मेलेल्या मशीनला चिकटून राहतात. पलीकडचं मशीन वीज गेल्यानं अचानक नाहीसं झालं तर ‘मी चाललो’ हे सांगायला कोणी उरत नाही, आणि लिनक्सचा टीसीपी कीपअलाइव्ह मुळात ७,२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी पहिली चौकशी करतो. कनेक्शन पूलमध्ये (उघड्या ठेवलेल्या जोडण्यांच्या साठ्यात) तो आकडा अर्ध्या-एक मिनिटावर आणा. नाहीतर डेटाबेस परत आला तरी साइट तशीच बंद, आणि सगळे डेटाबेसकडे बोट दाखवतात.

पैशांचा भाग वेगळा बघा. यूपीआयनं पैसे गेले, कमिट पाठवला आणि उत्तर येण्याआधी प्रायमरी पडला. नोंद झाली की नाही? अ‍ॅप्लिकेशनला सांगता येत नाही. डोळे मिटून पुन्हा प्रयत्न केला तर दोन नोंदी होतील. प्रत्येक बुकिंगला आधीच एक वेगळा ओळख क्रमांक द्या आणि त्यावर युनिक बंधन घाला. मग पुन्हा पाठवलं तरी दुसरी नोंद होत नाही.

समितीच्या हिशेबनीसांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. पोस्टग्रेस सीक्वेन्सचे (आपोआप वाढणाऱ्या क्रमांकांचे) ३२ पर्यंत आकडे आगाऊ किर्दीत टाकतो, म्हणून फेलओव्हरनंतर पावती क्रमांक ४१२ वरून ४४० वर उडी मारू शकतो. मधल्या पावत्या हरवलेल्या नसतात, त्या कधी झालेल्याच नसतात. ऑडिटच्या दिवशी हे पटवून देणं फार अवघड जातं. क्रमांक सलगच हवे असतील तर सीक्वेन्सवर अवलंबून न राहता ते वेगळ्या टेबलातून द्या.

जुनं मशीन परत आलं की त्याला तसंच सुरू करू नका, ते स्वतःला अजून प्रायमरीच समजत असतं. पीजी रिवाइंडनं त्याला फाटा फुटला त्या जागेपर्यंत मागे न्यायचं आणि नव्या प्रायमरीचा स्टँडबाय म्हणून जोडायचं. त्यासाठी वॉल लॉग हिंट्स किंवा डेटा चेकसम आधीपासून चालू हवेत. आत्ताच तपासा, नसतील तर जुनं पुसून बेसबॅकअप पहिल्यापासून. मात्र पुसण्याआधी त्यावरच्या न पोचलेल्या नोंदींची एक प्रत बाजूला काढा.

७. स्वयंचलित करायचं तर तीन मतं

दोनच मशीन असतील तर स्वयंचलित फेलओव्हर करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. दोघांमधली तार तुटली की ‘समोरचा मेलाय’ आणि ‘मीच एकटा पडलोय’ यांतला फरक कोणत्याच बाजूला कळत नाही. तिसरं मत लागतं. तीनांत बहुमत दोन, पाचांत तीन. चारांतही तीनच लागतात, म्हणून चौथ्यावर पैसे घालवू नका.

पोस्टग्रेससाठी पॅट्रोनी हे साधन चांगलं रुळलं आहे. ते एटसीडीमध्ये (बहुमतानं चालणाऱ्या छोट्या सामाईक नोंदसाठ्यात) एक कुलूप ठेवतं. ज्याच्याकडे कुलूप तो प्रायमरी. कुलपाची मुदत मुळात ३० सेकंद, आणि दर १० सेकंदांनी प्रायमरीनं ती वाढवायची. वाढवता आली नाही तर प्रायमरी आपणहून लिहिणं सोडतो. ही शिस्त महत्त्वाची आहे, कारण जुन्याला बाजूला करण्याचं काम इथे जुनाच करतो. तो अडकून पडला तर काय, यासाठी लिनक्सचा वॉचडॉग जोडा. प्रक्रिया वेळेत बोलली नाही तर तो मशीनच रीबूट करतो. १ मेगाबाइटपेक्षा जास्त मागे असलेल्या स्टँडबायला पॅट्रोनी मूळ सेटिंगप्रमाणे उमेदवारी देत नाही.

हॅप्रॉक्सीनं आता डेटाबेसचं पोर्ट न तपासता पॅट्रोनीच्या ८००८ पोर्टवर ‘प्रायमरी’ या पत्त्याला विचारायचं. तिथे होकार फक्त कुलूपधारी देतो. सोबत ‘ऑन मार्क्ड डाउन’ला ‘शटडाउन सेशन्स’ लावा, म्हणजे जुन्या प्रायमरीला चिकटलेल्या जोडण्या तुटतात.

तिसरं मत कुठे ठेवायचं? पणजी आणि मडगाव असेल तर तिसरं मुंबईच्या क्लाउडवर एका लहान मशीनमध्ये. त्यावर डेटाबेस नको, फक्त एटसीडी. मात्र त्याची डिस्क मंद नसावी. एटसीडीचा ठोका मुळात १०० मिलिसेकंदांचा आणि निवडणुकीची मुदत १,००० मिलिसेकंदांची असते, डिस्क रेंगाळली की विनाकारण निवडणुका सुरू होतात.

हे सगळं सांभाळायला माणूस नसेल तर तयार सेवा घ्या, त्यात कमीपणा नाही. अ‍ॅमेझॉनच्या आरडीएस या तयार डेटाबेस सेवेत मल्टी-एझेड (दुसऱ्या झोनमध्ये राखीव प्रत) लावलं तर ते स्वतःच सांगतात की फेलओव्हरला साधारण ६० ते १२० सेकंद लागतात. पूल, पुनर्प्रयत्न आणि युनिक क्रमांक यांची कामं मात्र तिथेही तुमचीच राहतात.

८. तालीम

तालीम चवथीच्या आठवड्यात नको आणि जत्रेच्या तोंडावरही नको. मंगळवारी सकाळी दहा वाजता, सगळे जागेवर असताना, समितीला सांगून करा. नुसतं व्यवस्थित शटडाउन करून पाहणं म्हणजे तालीम नव्हे. पोस्टग्रेस तेव्हा सगळी किर्द पाठवूनच बंद होतो आणि सगळं छान दिसतं. प्रक्रिया जबरदस्तीनं मारा. नंतर एकदा वीज काढा. नंतर एकदा फक्त दोन गावांमधली जोडणी फायरवॉलनं तोडा आणि दोन्ही मशीन चालू ठेवा. ही चाचणी सगळ्यांत जास्त शिकवते आणि सगळ्यांत जास्त टाळली जाते. प्रत्येक वेळी घड्याळ लावा आणि साइट बंद झाल्यापासून पहिलं बुकिंग पुन्हा होईपर्यंतचा वेळ लिहून ठेवा. डेटाबेस कधी प्रमोट झाला हा वेळ समितीच्या उपयोगाचा नाही.

देखरेख करणारी यंत्रणा त्याच मशीनवर नको, त्याच गावातही नको. सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर येत असेल तर साधा फोन कॉलही येईल अशी सोय करा, कारण पावसात मोबाइल डेटा आधी जातो. फेलओव्हर करायचा की नाही हा निर्णय कोण घेणार, त्या दोघांची नावं कागदावर हवीत. अध्यक्षांच्या परवानगीसाठी फोन लावत बसण्यात अर्धा तास सहज जातो.

तालीम संपली की भूमिका लगेच पूर्वीसारख्या करायची घाई नको. मडगाव प्रायमरी झालंय तर पुढच्या तालमीपर्यंत तेच राहू द्या. पणजीच्या मशीनवरच चालणारी एखादी विसरलेली क्रॉन, एखादा हातानं लिहिलेला आयपी, लहान पडणारी डिस्क, हे सगळं त्या दोन-तीन महिन्यांत आपोआप वर येतं, आणि ते माघाच्या आधी आलेलं बरं.